लाल बोटीची लदेणी

पोळ्याच्या आधी दारात आलेली बोट दिवाळी उलटून गेली तरी दारातच उभी होती. मोहाच्या झाडाखाली, चार चाकांच्या लोखंडी ट्रॉलीवर, नाक वर करून. कोकणातल्या कुठल्याशा बंद पडलेल्या रिसॉर्टातून बबलूने ती उचलून आणली तेव्हा अख्खा तांडा बघायला लोटला होता. आता तिच्याकडे फक्त कोंबड्या बघत. त्यातल्या एकीने तर कप्तानाच्या खुर्चीखालीच बस्तान मांडलं होतं, आणि बसंतीबाई रोज सकाळी शिडी लावून त्या समुद्रात उडणाऱ्या बोटीत चढत आणि ओच्यात अंडी घेऊन उतरत.

"चला, एवढं तरी उत्पन्न हाय," त्यांचा थोरला मुलगा ओम म्हणायचा. बोट त्याच्या डोळ्यात पहिल्या दिवसापासून खुपत होती आणि ते तो लपवायचाही नाही.

बोट तशी देखणी. लालभडक, मागे दोन इंजिनं, एकेक म्हणे ट्रॅक्टरच्या तिप्पट ताकदीचं. शनिवारी धरणावर साहेब लोक येणार होते. बोट पाण्यावर पळताना त्यांनी पाहिली की पर्यटकांना फिरवायची परवानगी बबलूला मिळायची, नाही तर ती दुसऱ्या कुणाला जायची. बुधवारी चुलीपाशी उकिडवा बसून बबलूने आईला सांगून टाकलं होतं, "याडी, शनिवारी बोट पाण्यात नाही गेली तं विकून टाकतो अन् पुण्याले जातो. दोस्त तिकडं कंपनीच्या गाडीवर हाय, तो लावून देते मले."

बसंतीबाईंनी ऐकून घेतलं. त्या दिवशी भाकर करपली. पुण्याला गेलेली पोरं कशी येतात ते त्यांना ठाऊक होतं. आधी दर दिवाळीला येतात, मग एक दिवाळी चुकते, मग नुसता फोन येतो. नणंदेचे दोन्ही मुलगे असेच गेले. आणि या घरात मोकळं हसणारं माणूस एकच होतं, ते म्हणजे हे धाकटं येडं. ते गेलं की घरात ओमचे हिशेब आणि नवऱ्याचा, उत्तमसिंग नाईकांचा, खोकला, एवढंच उरणार होतं. तेव्हा बोट पाण्यात जाणार हे बसंतीबाईंनी करपलेली भाकर उलटतानाच ठरवलं होतं. कशी जाणार, तेवढंच ठरायचं होतं.

ट्रॅक्टरने एकदा करून पाहिलं होतं. धरणाच्या वाटेवर मध्ये खिंड आहे. तिच्या चढावर ट्रॅक्टरने पुढची चाकं उचलली आणि ओमने स्टेअरिंगवरचे दोन्ही हात काढून सेवालाल महाराजांना जोडले. त्यानंतर पिकअप घ्यायची असं ठरलं. आणि शुक्रवारी सकाळी अंगणात एक सोडून दोन पिकअप उभ्या राहिल्या.

पहिली बबलूने नागपूरहून मागवलेली. काळी, उंच, चारही चाकांना जोर असलेली, पुढे पाच माणसांची एसी केबिन. तिच्याबरोबर गॉगल लावलेला एक विक्रेता आला होता आणि तो दर थोड्या वेळाने रुमालाने तिच्यावरची धूळ पुसत होता. दुसरी दारव्ह्याच्या वाहिद मिस्त्रीची. पांढरी म्हणायची, कारण कधीकाळी पांढरी होती. दर आठवड्याला घाटंजीच्या बाजाराला बकऱ्या नेऊन नेऊन तिला जो वास लागला होता तो गाडीच्या आधी अंगणात पोहोचला.

"गाडी घरचीच समजा, भाभी," वाहिद बसंतीबाईंना म्हणाला. गेली दोन वर्षं तो ही गाडी विकायला बघत होता आणि ज्याला त्याला घरचीच समजायला सांगत होता.

"घरात बकऱ्या नाही बांधत आम्ही," बबलू म्हणाला. "वाहिदचाचा, मुंबईचे लोक येतीन बोटीत बसाले. त्याईच्यापुढं हे नेऊ?"

"बकरीचा वास धुतला की जाते, बेटा. तुह्या त्या काळीचे स्प्रिंगचे पाटे पाह्य खालून, वर तं सगळ्याच नवऱ्या चांगल्या दिसते."

ओम अर्थातच वाहिदच्या बाजूने. "बोट काय रोज ओढायची हाय का? बाकीच्या दिवशी पिकअपनं सोयाबीन नेलं पाह्यजे बाजारात. त्या काळीत चार पोते तरी बसते का? मागं पाह्य, एवढूसा हौद. आंघोळीले पुरते फक्त."

इथे ओमची बायको बबिता बोलेल असं कोणालाच वाटलं नव्हतं. ती शेणाचे हात धुऊन आली आणि काळ्या गाडीचं मागचं दार उघडून सरळ आत जाऊन बसली.

"भाऊजी, हे घ्या," ती आतून म्हणाली. "मुकुटबनच्या लग्नाले गेलतो तवा आम्ही बाया मागं डाल्यात बसून गेलो. केसाचा झाडू झाला होता माह्या. हे घ्या, मले पसंद हाय."

ओम बायकोकडे बघतच राहिला. बारा वर्षांच्या संसारात ती पहिल्यांदाच दिराच्या पक्षात गेली होती. बबलूला आनंद मावेना, आणि आनंदात त्याचं नेहमी होतं तेच झालं, तो एक वाक्य जास्त बोलला.

"बरोब्बर, वहिनी. पुढं पाहुण्याईले बसवू, एसीत. घरचे आपण काय, मागंबी बसतो."

बबिता जशी चढली होती तशी उतरली. "वाहिदचाचाची गाडीच बरी," ती ओमला म्हणाली. "मजबूत दिसते." आणि गोठ्याकडे निघून गेली. विक्रेत्याने ती बसलेली जागा रुमालाने पुसली, ते तिने जाताजाता पाहिलंही.

इतका वेळ उत्तमसिंग नाईक ओसरीवर खाटेवर बसून होते. ते तांड्याचे नाईक. आता सरपंच वेगळा, पोलीस पाटील वेगळा, पण तांड्यातून मोठं काही बाहेर निघायचं असलं, नवरीची गाडी असो की कापसाची पहिली खेप, तर नाईक त्यावर हात ठेवून "चाल" म्हणत. त्याशिवाय ते हलत नसे. ही रीत लदेणीच्या काळातली. पणजोबा-खापरपणजोबा शेकडो बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख तुडवत. तेव्हा पुढच्या बैलाच्या पाठीवर नाईकाचा हात पडल्याशिवाय मागचा एकही बैल पाऊल टाकत नसे, असं म्हणतात. बैलांना खरंच कळत असे की नाही कोण जाणे, माणसांना मात्र अजून कळतं. बबलू पुण्याला जायची भाषा करत होता, पण बापाचा हात न लागता बोट हलवायची त्याचीही छाती नव्हती.

"बा, तुमाले कोणती वाटते?" बबलूने विचारलं.

"कोणतीच नाही," नाईक म्हणाले. "बोट गाडीवर ठेवता येत असन तं सांगा."

"गाडीवर कशी बसन? तीन गाड्यांची लांबी हाय तिची. मागं जोडून ओढाची असते ते."

"ओढत तं मेलेलं ढोर नेतात." नाईकांनी विडी झटकली. "आपल्या सात पिढ्याईनं ओझं पाठीवर नेलं. ओढलं नाही कधी. लक्ष्मी म्हणून आणली नं तू? मंग लक्ष्मीले फरफटत नेशीन? माहा हात नाही लागणार."

 बबलू खाली बसला आणि ट्रॉलीच्या चाकाला टेकून त्याने मोबाईल काढला. पुण्याच्या दोस्ताचाच नंबर लावत असणार, हे बसंतीबाईंना त्याच्या पाठीवरून कळलं.

नवऱ्याचंही त्यांना कळत होतं. ढोर-बीर सगळं खरं, सात पिढ्याही खऱ्या. पण त्यांच्या नाईकांचं दुखणं ओढण्यात नव्हतं, ते पाण्यात होतं. जुना तांडा त्या धरणाखाली गेला होता. पाणी चढलं तेव्हा उत्तमसिंग तरणेबांड होते, सगळ्यांना नव्या जागेवर आणून बसवणारे तेच. पण त्यानंतर धरणाकडे त्यांनी पाठ केली ती केलीच. पंगतीला गेले, मयतीला गेले, पण वाट धरणावरून असली की कोसाचा फेरा घालून गेले. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. बसंतीबाईही बोलल्या नाहीत. काही माणसं समोरून हलत नाहीत, त्यांना बाजूने धक्का द्यावा लागतो.

"खरं हाय तुमचं," त्या मोठ्याने म्हणाल्या. "मेलेल्या ढोराले ओढतात. पण मी म्हणते, मेलेल्या ढोरावर कोणी बसते का?"

"कोण बसते?" नाईक म्हणाले.

"मंग झालं. तुम्ही बसा बोटीत. ज्याच्यावर नाईक बसला ते ढोर कसं राहीन? ते सवारी झाली. अन् तसंबी लदेणीबरोबर नाईकानं चालाचंच असते. हात नका लावू पाह्यजे तं. नुसते बसा."

वाहिदला हसू आलं, ते त्याने खोकून गिळलं.  आपल्याच नियमात नाईक असे अडकले होते की बाहेर पडायला वाटच नव्हती. शेवटी म्हणाले, "खिंडीपर्यंत येतो. कोणती गाडी चालते ते पाहून देतो. पुढं नाही."

"पुढं कोण म्हणते?" बसंतीबाई म्हणाल्या आणि शिडी आणायला गेल्या.

पहिला मान काळीचा. बोट मागे जोडली, नाईक कप्तानाच्या खुर्चीत बसले, डोक्याला लाल पागोटं, हातात काठी. खुर्चीखालची कोंबडी उठायला तयार नव्हती, तिला तशीच ठेवली. रस्त्याने येणाऱ्या काळीपिवळी जीपवाल्याने गाडी थांबवून "जय सेवालाल, नाईक, कुठं निघाले?" विचारलं. नाईकांनी समोर बघत "खिंडीत" एवढंच सांगितलं, जणू रोजच बोटीने खिंडीत जात असावेत. मागून बाकीचे वाहिदच्या गाडीत.

चढ काळीने असा घेतला की बबलूने खिडकीतून हात काढून हवेत फिरवला. विक्रेत्यानेही गॉगल डोक्यावर चढवला. मग खिंड संपली आणि उतार लागला.

उतारावर पहिल्यांदा बोटीचा मागचा भाग हलला. थोडासाच, गाईने शेपटी हलवावी तसा. मग उलट्या बाजूला, जरा जास्त. बबलूने ब्रेक दाबला. काळी थांबायला तयार होती, पण मागची बोट नव्हती. तिने काळीला ढकलत ढकलत रस्त्याच्या कडेला नेलं आणि तिथून दोघीही सावकाश, अगदी अदबीने, तुरीच्या शेतात शिरल्या.

बसंतीबाई धावत पोहोचल्या तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ही युक्ती आपलीच, हे त्यांच्या मनात धावता धावता दहा वेळा येऊन गेलं. तुरीच्या हिरव्या शेतात लाल बोट उभी होती आणि बोटीत नाईक उभे होते. पागोटं सुटून गळ्यात आलेलं. एका हाताने कोंबडी छातीशी धरलेली.

"लागलं का कुठं?" बसंतीबाईंनी खालूनच विचारलं.

"मले नाही. अंडे गेले." नाईकांनी कोंबडी खाली सोडली. त्यांच्या डोळ्यांत जी चमक होती ती बसंतीबाईंनी बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती. "बबल्या, इकडं ये. बैल चांगला हाय तुहा. चढाले मर्द हाय. पण याची पाठ रिकामी हाय. रिकाम्या पाठीचा बैल उतारावर टिकत नाही, मागचं ओझं त्याले हाकलते. माहा बा लदेणीचा बैल चढावर नाही पारखत होता. पाठीवर गोणी घालून उतारावर सोडे. जो पाय रोवून उतरला तो आपला." मग विक्रेत्याकडे वळून म्हणाले, "हिच्या पाठीवर पोते टाका. मंग पाहू."

"पोते?" विक्रेत्याने रुमाल छातीशी धरला. "काका, डाग पडतील. रंग बघा ना. आणि ट्रायलची गाडी आहे."

बबलूनेही, खरं सांगायचं तर, त्या चकचकीत हौदावरून हळूच हात फिरवला. ते नाईकांनी पाहिलं.

"ज्याच्या पाठीवर ओझं ठेवाले मालकाचाच जीव होत नाही, तो बैल घरचा नव्हे," ते म्हणाले. "वाहिदभाई, तुमची लावा."

वाहिदने ही संधी सोडली नाही, बोट शेतातून काढून परत अंगणात आणली. रात्री बसून त्याने ट्रॉलीचे गंजलेले ब्रेक मोकळे केले, पांढरीचे पाटे आवळले. हॉर्न तेवढा वाजला नाही. शनिवारी सकाळी पाठीवर घालायला ओझं शोधलं तर ते घरातच होतं. भाव वाढेल म्हणून ओमने धरून ठेवलेलं सोयाबीन. पुढच्या खोलीत देवळीच्या तोंडाशी पोत्यांची थप्पी लावून ठेवली होती आणि देवाला दिवा लावायला बसंतीबाईंना बसल्या जागेवरून तिरपं व्हावं लागायचं.

"माहं सोयाबीन वजन म्हणून?" ओम कळवळला.

"खिंडीतून जाऊन परत येईन तं भाव कमी होईन का त्याचा?" बबिता म्हणाली आणि पहिलं पोतं तिनेच ओढलं. नवरा हो म्हणायच्या आत थप्पी हलली होती. पोत्यांवर मग ती आणि तांड्यातल्या चार बाया चढून बसल्या, कारण बघायला तर सगळ्यांनाच जायचं होतं. "अजूक कोणी भारी माणूस?" वाहिदने विचारलं आणि सगळ्यांनी बसंतीबाईंकडे पाहिलं.

"मी वर बसते, नाईकाजवळ," बसंतीबाई म्हणाल्या. "तुमचं वजन तुमीच सांभाळा."

पांढरी चढाला कण्हली, पण चढली. उतारावर तिने पाय रोवले. बोट मागे अशी आली, जशी सासरी जाणारी शहाणी मुलगी भावामागे येते. समोर कोणी आलं की हॉर्नच्या ऐवजी पोत्यांवरच्या पाच बाया एका सुरात ओरडत. खिंड गेली, उतार गेला, तुरीचं शेत गेलं. "पुढं नाही" असं नाईक म्हणाले होते, ती जागाही गेली. बसंतीबाईंनी तिरक्या डोळ्यांनी पाहिलं. नाईक काठीवर हनुवटी टेकून पुढच्या वाटेकडे बघत होते.

धरणाच्या काठी उतरता घाट बांधलेला आहे. तिथे दोन साहेब छत्रीखाली उभे होते. पांढरीने पाठ फिरवली आणि मागे मागे जात बोट पाण्यात लोटली. सगळे "बस, बस, अजूक थोडं," करत ट्रॉलीकडे बघत होते. नाईकांना खाली उतरवायचं कोणाच्या लक्षातच आलं नाही. बसंतीबाईंच्या आलं होतं. त्या गप्प बसल्या.

बोट ट्रॉलीवरून सुटली आणि तरंगली.

नाईकांनी दोन्ही हातांनी काठी घट्ट धरली. "बसंती," ते हळूच म्हणाले, "तुले माहीत होतं."

"मले काय माहीत? मी तं अंडे पाहाले चढलती."

बबलू पाण्यातून चढून आला, नाईकांना शेजारच्या खुर्चीत बसवून स्टेअरिंगवर बसला, आणि दोन्ही इंजिनं एकदम जागी झाली. काठावरची माणसं, साहेबांची छत्री, बबिताचं हिरवं लुगडं, सगळं बघता बघता मागे पडलं. बोटीने नाक वर केलं आणि ती खरंच उडाली. बबलू हसत होता, लहानपणी हसायचा तसा, तोंड उघडं टाकून. बसंतीबाईंना भीती वाटत होती, आणि आनंदही इतका झाला होता की दोन्हीचं मिळून डोळ्यांत पाणी आलं. हे पोर आता पुण्याला जात नाही, त्यांनी मनाशी म्हटलं.

नाईक मात्र काठाकडे बघत होते. डाव्या हाताला एक टेकडी होती, तिच्यावर एकटं चिंचेचं झाड. उजव्या हाताला खिंडीचा कडा. झाड सरकत सरकत कड्याच्या समोर आलं तसे ते खुर्चीतून उठले.

"हळू घे," ते म्हणाले.

"काहून? भेव लागलं का, बा? साहेब लोक पाहून राह्यले, अशीच पळवली पाह्यजे—"

"हळू घे म्हणतो. खाली तांडा हाय." नाईकांचा आवाज चढला नव्हता. "तांड्यातून कोणी गाडी पळवते का? लेकरं राह्यतात, कोंबड्या राह्यतात."

बबलूने आईकडे पाहिलं. मग त्याने इंजिनं बंद केली. नाक खाली आलं आणि बोट आपोआप हळू होत होत थांबली. पाणी इतकं शांत झालं की काठावरच्या बायांचं बोलणं तुटक तुटक ऐकू येऊ लागलं. तिकडे साहेबांनी ओमला विचारलं म्हणे, "काय झालं? इंजिन बंद पडलं का?" आणि ज्याला बोट चार महिने डोळ्यापुढे नको होती तो ओम म्हणाला, "नाही जी. थोडं घरी गेले ते. येतीन आता." हे बबिताने नंतर सांगितलं, आणि दर वेळी सांगताना ती नवऱ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघते.

 बोटीत बसंतीबाई कडेला सरकल्या आणि खाली बघायला लागल्या. हिरवट पाण्याखेरीज काही दिसत नव्हतं. इथेच कुठेतरी त्या नवरी होऊन आल्या होत्या.

"आपलं दार कोण्या बाजूले यीन?" त्यांनी विचारलं.

नाईकांनी काठीने दाखवलं. "ते बाजू. विहीर इकडं. तू त्या दगडावर बसून भांडे घासत होती." मग म्हणाले, "मी यीन म्हणत होतो एकडाव. पण कसं यावं ते समजत नव्हतं."

"आले नं आता," बसंतीबाई म्हणाल्या.

वारा आला आणि बोट थोडी फिरली. काठावरून कोणीतरी शीळ घातली. बबलूने किल्लीवर हात ठेवला, पण फिरवली नाही.

"बा, जाऊ का आता?"

नाईकांनी काठी काखेत धरली. वाकले, बोटीच्या लाल कडेवर उजवा हात सपाट ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा, आणि थोडा वेळ तसाच ठेवला.

"चाल," ते म्हणाले. "पण तांडा संपेपर्यंत हळूच."